रडीचा डाव नेमका कुणाचा?

आळीपाळीने खेळायच्या संगणकीय युद्धखेळांत हरलेल्याची तक्रार ठरलेली असते: यंत्र फासे फिरवतं. ‘एक्सकॉम’मधला सैनिक शत्रूच्या नाकाशी बंदूक धरून उभा आहे, पडद्यावर ९५ टक्के दिसताहेत, आणि गोळी भलतीकडेच जाते. हिशेब केला तर यात नवल नाही. वीस गोळ्यांत सरासरी एक चुकायचीच. ८० टक्क्यांचे सलग तीन नेम हुकण्याची शक्यताही सव्वाशेत एक, म्हणजे नियमित खेळणाऱ्याच्या वाट्याला ती कधी ना कधी येणार. लागलेल्या एकोणीस गोळ्या मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

गंमत अशी की फाशांत लबाडी खरोखरच असते, पण बहुतेकदा ती आपल्याच बाजूने. ‘एक्सकॉम २’ (२०१६) मध्ये सोप्या पातळ्यांवर आपला नेम चुकला की पुढच्या नेमाची शक्यता गुपचूप वाढवली जाते. शत्रूच्या गोळ्या लागोपाठ लागू लागल्या की त्याचा नेम ढिला केला जातो. ‘लेजंड’ या सर्वांत कठीण पातळीवरच ही मेहेरबानी थांबते. जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतली युक्ती त्याहून देखणी. २००२ पासूनच्या तिच्या अनेक भागांत एका यादृच्छिक आकड्याऐवजी दोन काढून त्यांची सरासरी घेतात. त्यामुळे पडद्यावरचे ९० टक्के प्रत्यक्षात ९८ च्या आसपास जातात आणि १० टक्के घसरून दोनवर येतात. नियम दोन्ही बाजूंना एकच. पण नेम चांगला असतो आपल्या शूरवीरांचा आणि कच्चा असतो शत्रूच्या शिपायांचा, तेव्हा लाभ कुणाला हे सांगायला नको.

असं करावं का लागतं, हे ‘सिव्हिलायझेशन’ या साम्राज्य उभारण्याच्या खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात सांगितलं होतं. तिनास एक अशी सरशी दाखवली की खेळणारे जिंकणं गृहीतच धरत आणि हरले की खवळत. उलट एकास तीन असताना जिंकले, तर मात्र कुणाचीच हरकत नसे. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, तसं हे आहे. फरक एवढाच की त्या पोराला आपण कच्चा लिंबू आहोत हे ठाऊक असतं. माझा आक्षेप आहे तो इथे. मदत करायला हरकत नाही, पण पडद्यावर छापलेला आकडा खोटा असेल तर डावपेच कशाच्या भरवशावर आखायचे?

यंत्राला मिळणारी खरी सवलत फाशांबाहेर असते. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये ‘डेइटी’ या वरच्या पातळीवर संगणकाची प्रत्येक संस्कृती तीन वसाहतकार घेऊन सुरुवात करते, आपल्याला एकच मिळतो. शिवाय उत्पादन, सोनं, विज्ञान यांत तिला टक्केवारीची खिरापत. पातळी वाढली म्हणून यंत्र शहाणं होत नाही, श्रीमंत होतं. कारण उघड आहे. २०१० च्या पाचव्या भागात एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आला आणि संगणकाच्या फौजा स्वतःच्याच गर्दीत अडकू लागल्या. त्यातून सात-आठ प्रतिस्पर्ध्यांच्या खेळ्या काही सेकंदांत उरकायच्या असतात. खेळणारा ताटकळत बसायला तयार नसतो. जाहीर केलेली ही सवलत मला अन्यायाची वाटत नाही. बुद्धिबळातही कमजोर खेळाडूला प्यादं किंवा घोडा देऊन खेळण्याची जुनी रीत आहे. तक्रार वेगळी: अशा डावात पहिली शंभर पावलं पाठलागात जातात, आणि एकदा बरोबरी साधली की उरतो श्रीमंत पण मठ्ठ शेजारी.

चोरून पाहणं ही त्याहून वाईट खोड. ‘सिव्हिलायझेशन ३’ (२००१) मधल्या संगणकाला न पाहिलेला नकाशाही ठाऊक असे. कुठलं शहर बिनपहाऱ्याचं आहे हे त्याला कळे, म्हणून मुरलेले खेळाडू एखादं शहर मुद्दाम रिकामं सोडत आणि शत्रूची अख्खी फौज हवी तिथे ओढून आणत. चोरलेल्या माहितीने यंत्र आणखी भोळं झालं!

सगळा पट उघडा असला तरी संशय सुटत नाही. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने दुसरा डाव जिंकल्यावर यंत्रामागे माणूस असावा, अशी शंका जगज्जेते कास्पारोव्ह यांनी घेतली. डाव बुद्धिबळाचा, फासे नाहीत, नकाशा झाकणारं धुकं नाही. दिसत नव्हता तो यंत्राचा विचार.

म्हणूनच ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) मला या कलेतलं महत्त्वाचं पाऊल वाटतं. त्यात शत्रू आपला पुढचा वार कुठे पडणार हे आधी दाखवतो, मग आपली पाळी येते. चुकणारे नेमच नाहीत. दैवाची एक बारीकशी फट आहे: इमारत वाचण्याची शक्यता. तीही आपल्या फायद्याची, आणि तिचा आकडा समोर. हरलो तर का हरलो ते लख्ख दिसतं. मात्र आठ घरं गुणिले आठ घरांच्या पटावर हे साधतं. साम्राज्यं उभारण्याच्या खेळात इतका उघडेपणा कसा आणायचा, याचं उत्तर अजून कुणी काढलेलं नाही. निदान पातळ्यांची नावं तरी खरी द्यावीत. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘फ्रीसिव्ह’ या खुल्या खेळात, ‘हार्ड’च्या वरच्या पातळीचं नावच ‘चीटिंग’ आहे.