पोकळ टीका

मातीच्या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. लहानपणी आमच्या पडवीत शाडूचा गणपती होई आणि सोंड लावायचा मान माझा असे. सोंड थोडी भरकटायची. पण दीड दिवसात विसर्जन असल्यामुळे टीकाकारांना फारसा वाव मिळत नसे.

या अधिकाराच्या जोरावर दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये अय्यनारचे घोडे पाहताच मी निकाल देऊन टाकला. तमिळनाडूत वेशीवरच्या या राखणदार देवाला भाजक्या मातीचे घोडे वाहतात. काही तर माणसाच्या दुप्पट उंच. मी म्हणालो, "पाय म्हणजे सांडपाण्याचे नळ. अंगाला भोकं. आतून सगळं पोकळ!" सौ. म्हणाली, "तुमची सोंड तरी कधी सरळ होती?"

निवृत्तीनंतर मुलीनं मला सिरॅमिकच्या वर्गात घातलं. मी अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, डोकं करायला घेतलं. बाई म्हणाल्या, "काका, भिंत बोटाएवढीच जाड हवी. आतून कोरून घ्या." अण्णा गणित आणि शास्त्राचे मास्तर. त्यांचं डोकं पोकळ करायचं? पोटच्या मुलानं? मी ते भरीवच ठेवलं. बाईंना वजनाचा संशय आला, तेव्हा "मान जाड आहे" म्हणून वेळ मारून नेली.

पाणी १०० अंशांना उकळतं, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. वरून खडखडीत वाळलेल्या जाड मातीच्या पोटात ओल राहते. भट्टीत तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती वाट काढते. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली, तर अण्णांच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. त्याचं एक वेळ सोडा. शेजारी वर्गातल्या एका मुलीची घुबडांची जोडी होती. तीन आठवडे खपून केलेली. त्यातल्या एकाचं डोकं उडालं होतं. ती काही बोलली नाही, खाली बसून तुकडे वेचत राहिली. माझ्यावर आजवर बरीच टीका झाली आहे; इतकी कडक कधी झाली नव्हती.

पुढच्या दिल्लीवारीत घोड्यांसमोर पुन्हा उभा राहिलो. या खेपेला तोंड बंद ठेवून. नळ दिसत होते ते खांब होते. आधी पोकळ पाय उभे करायचे, ते जरा आवळले की वर धड चढवायचं, मग मान. मातीत वाळू आणि भाताचं तूस. भाजताना तूस जळून जातं आणि तिथं बारीक छिद्रं उरतात. भोकं हे व्यंग नव्हतं, आगीला आत-बाहेर करायला ठेवलेली दारं होती. घोडा उधळलेला नाही, चारी पाय रोवून उभा आहे, कारण ओल्या मातीला उधळणं परवडत नाही. आणि नेमक्या त्या ताठ उभं राहण्यानंच तो राखणदाराचा घोडा वाटतो. आगीनं घातलेली अट कुंभारानं लपवली नाही, तिचंच रूप केलं. गुळगुळीत शोभेच्या घोड्यांत मला हे बळ कधी दिसलं नाही. चेहरे मात्र मला अजून एकसारखेच वाटतात. टीकाकाराला काहीतरी शिल्लक लागतंच!

अण्णा मी पुन्हा केले. मधोमध कापून, आतून कोरून, मातीच्या लापशीनं सांधून, बुडाला भोक ठेवून. कानामागे एक चीर गेली आहे. ती अण्णांना शोभते.

भट्टी लावताना त्या मुलीनं ते डोकं उचललं, उलटं करून आत नीट पाहिलं आणि आपल्या नव्या घुबडाशेजारी ठेवलं.

माझ्या कलेवर झालेली ही एकमेव अनुकूल समीक्षा.