लेश धातूंचे विद्रावक निष्कर्षण व वर्णमापन

विद्रावातील अत्यल्प धातूचे रंगीत जटिल संयुग बनवून ते पाण्यात न मिसळणाऱ्या विद्रावकात ओढून घेणे आणि त्याने शोषलेल्या प्रकाशावरून धातूचे प्रमाण ठरविणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत (आयआयटी) व कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयावर पुष्कळ काम झाले. डे, खोपकर व चामर्स यांचा धातूंच्या निष्कर्षणावरील इंग्रजी ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीस लावले जाणारे ‘निवडक’ हे विशेषण मात्र तपासून घेतले पाहिजे. मालवण किनाऱ्याच्या पाठीशी जांभ्याचा प्रदेश असून पावसाळ्यात लोहयुक्त गाळ खाड्यांत येतो. तेथे मापावयाचे तांबे थोडे व लोह विपुल. डायएथिल डायथायोकार्बामेट दोहोंशीही संयोग पावते. निओक्युप्रोइनातील दोन मिथिल गटांमुळे लोहाभोवती त्याचे तीन रेणू बसू शकत नाहीत. एकसंयुजी तांब्याला दोनच पुरतात. तरीही तांब्याचे क्षपण, लोह विरघळलेले ठेवणारे सायट्रेट व योग्य पीएच मूल्य यांवाचून हा गुण फलद्रूप होत नाही. कृत्रिम मिश्रणांतून धातू जवळजवळ पूर्ण परत मिळाला, एवढ्याने खाडीच्या गाळाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तेथील धातू आधी पूर्णपणे विरघळवावा लागतो.

संवेदनक्षमतेची मर्यादा याहून कठोर आहे. तांबे-निओक्युप्रोइन संयुगाचा रेणवीय शोषणांक ४५७ नॅनोमीटरला सु. ८,००० आहे. १ सेंमी. जाडीच्या पात्रात ०·०१ इतके शोषण मिळण्यास क्लोरोफॉर्मात लिटरमागे सु. ८० मायक्रोग्रॅम तांबे लागते. १ लिटर पाण्यातील तांबे १० मिलि. क्लोरोफॉर्मात आणले, तरी पाण्यात ०·८ मायक्रोग्रॅम असावयास हवे. खुल्या समुद्रात ते बहुधा याहून कमी असते. शिवाय १ लिटर शुद्ध पाण्यात सु. ८ ग्रॅम क्लोरोफॉर्म विरघळते. खाऱ्या पाण्यात काहीसे कमी विरघळत असले, तरी त्या १० मिलि.पैकी (सु. १५ ग्रॅम) बराच भाग पाण्यातच राहतो. शंभरपट संहतीकरणाचा हिशोब कागदावरच शोभतो.

कालवांच्या बाबतीत चित्र पालटते. ती पाण्यातील तांबे व जस्त अंगी साठवितात. १ ग्रॅम शुष्क मांसात ५० मायक्रोग्रॅम तांबे असल्यास अम्लात विघटन करून १० मिलि. क्लोरोफॉर्मात घेतल्यावर शोषण सु. ०·६ येते, ते साध्या महाविद्यालयीन उपकरणावरही विश्वसनीयपणे वाचता येते, आणि सोबतचे विपुल जस्त या विक्रियाकारकाशी रंग देत नाही.