चेंडू मध्ये जातो तेव्हा

बास्केटबॉलमध्ये झोन बचाव फुटला की टाळ्या मिळतात त्या कोपऱ्यातून तीन गुणांचा बास्केट मारणाऱ्याला. माझी दाद मात्र एक पाऊल मागे जाते. फ्री थ्रो रेषेजवळ, पाच बचावपटूंच्या मधोमध, चेंडू घेऊन क्षणभर थांबलेल्या खेळाडूकडे.

शिरूर कासारसारख्या गावात मैदान म्हटलं की आधी कबड्डी आठवते, खो-खो आठवतो. बास्केटबॉलचा झोन तिथल्या माणसाला समजायला आट्यापाट्या पुरेशा आहेत. आट्यापाट्यांत पाटीवाला कोणा एकाच्या मागे धावत नाही, आपली आडवी पाटी राखतो. मधून उभी जाणाऱ्या सूरपाटीवरचा गडी तेवढा मागे-पुढे फिरतो. कसलेला खेळाडू पाटीवाल्याच्या अंगावर जात नाही. तो एका टोकाला हूल देतो, आणि पाटीवाल्याचा तोल त्या बाजूला गेला की दुसऱ्या टोकाने निसटतो. 2-3 झोनची जात हीच. पुढे दोघे, मागे तिघे, आणि प्रत्येकाने राखायची ती जागा, माणूस नव्हे. फक्त इथे हूल चेंडूने द्यायची असते, कारण चेंडू कोणाच्याही पायांपेक्षा लवकर पोचतो.

आता मैदान नीट पाहा. रुंदी 15 मीटर, आणि ती सगळी मागच्या तिघांच्या वाट्याला. पुढच्या दोघांकडे 6.75 मीटरच्या कमानीचा माथा. या दोन रांगांच्या मध्ये, एंडलाइनपासून 5.80 मीटरवर, फ्री थ्रोची रेषा येते. ती पुढच्यांची म्हणावी तर त्यांच्या पाठीमागे आहे, मागच्यांची म्हणावी तर त्यांच्यापासून दूर. चेंडू कमानीबाहेर डावीकडून उजवीकडे फिरत राहतो तोवर ही जागा कोणाला सलत नाही. पाचही जण हात पसरून सरकत राहतात, चढाईचे चोवीस सेकंद संपत येतात, आणि शेवटी घाईचा फटका. अशी चढाई पाहताना मला फार हळहळ वाटते, कारण चार-पाच पास होतात आणि त्यातला एकही बचावाला प्रश्न विचारत नाही.

मग कोणीतरी कोपऱ्यातून किंवा रिंगखालून झपकन वर येतो आणि चेंडू त्या रेषेवर घेतो. खरा आनंद इथून सुरू होतो. तो रिंगकडे पाठ करून उभा राहिला तर काहीच घडत नाही. एका पायावर वळून त्याने रिंगकडे तोंड केलं की मागच्या मधल्या बचावपटूला ठरवावंच लागतं. तो पुढे आला तर त्याच्या पाठीमागे रिंगखाली जागा मोकळी. तो जागेवर राहिला तर समोरून सोपा फटका. कडेचे दोघे आत आले तर कोपरे उघडे, आणि पुढचे दोघे मागे वळले तर कमानीचा माथा उघडा. चेंडू अजून त्याच्याच हातात आहे, ड्रिबल नाही, फटका नाही, तरी पाचही बचावपटू हलले आहेत. हे अर्ध्या सेकंदाचं थांबणं ज्याला जमतं तो माझ्या लेखी त्या संघातला सगळ्यात जाणता खेळाडू.

याचा सुंदर दाखला 2020च्या सप्टेंबरात मिळाला. ऑर्लँडोत, रिकाम्या प्रेक्षागृहात, मायामी आणि बोस्टन यांची एनबीए पूर्व विभागाची अंतिम मालिका चालू होती. मायामीचे प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी झोनची घडीच उलटी केली होती: लांब हातांचे उंच खेळाडू पुढे, बुटके गार्ड मागच्या कोपऱ्यांत. पुढच्या त्या हातांवरून पास देणंच अवघड. दुसऱ्या सामन्यात 17 गुणांनी मागे पडूनही मायामी 106-101 जिंकली, त्यात या झोनचा वाटा मोठा. तिसऱ्या सामन्यात घोट्याच्या दुखापतीतून बोस्टनचा गॉर्डन हेवर्ड परतला. त्याला झोनच्या पोटात उभं करून चेंडू दिला जाऊ लागला, आणि बोस्टनची चढाई मोकळी झाली. बोस्टन 117-106 जिंकलं. हेवर्डच्या नावावर गुण फक्त 6. आकड्यांचा तक्ता वाचणाऱ्याला तो दिसणारही नाही.

एनबीएत 2001पर्यंत झोनला बंदी होती. आजही तिथे बचावपटूला, तो कोणाला जवळून राखत नसेल तर, रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात, म्हणजे उंच गडी तिथे हवा तितका वेळ पाय रोवून उभा. त्याला तिथून बाहेर ओढण्याची कला म्हणूनच आपल्या मुलामुलींना जास्त लागते. मध्ये जाऊन तोंड फिरवणारा खेळाडू ती करू शकतो, मग त्याची उंची बेताची का असेना.

आणि फटका चुकला तरी डाव संपत नाही. माणसाला माणूस राखताना बचावपटूला ठाऊक असतं, रिबाऊंडच्या वेळी कोणाला पाठीवर अडवायचं. झोनमध्ये त्याच्या वाट्याला जागा असते, आणि जागेला पाठीवर अडवता येत नाही. मधला गडी वर ओढला गेलेला, कडेचा कोपऱ्याकडे धावलेला. अशा वेळी दुसऱ्या बाजूने आत शिरणाऱ्या खेळाडूच्या हाती बोर्डावरून उसळलेला चेंडू पुष्कळदा आयता येतो, आणि रिंग त्याच्यापासून हातभरच दूर असते.