वाद्य कोणाचे, नाव कोणाचे?

अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य आपण फार आधीपासून आपले मानले. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हा धागा आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या संगीताची चर्चा मात्र आपण त्या मानाने कमीच केली. याचे कारण मला माझ्या घरातच सापडते. संगीत ही आपली दुखरी जागा आहे.

आमच्या घराण्यात गावच्या वाजंत्रीचे काम होते. आजोबा सनई वाजवत. पाटलाच्या घरचे लग्न त्यांच्या सुरांशिवाय लागत नसे, पण जेवण वाड्याबाहेर आणि सर्वांत शेवटी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ती वार्ता आमच्या गावी पोचली आणि पुढच्या लग्नसराईत आजोबांनी वाजवायला नकार दिला. सनई आढ्याला गेली ती पुन्हा खाली आली नाही. गावाने वर्षभर काम दिले नाही. त्या नकारावर आमच्या घरातला पहिला पदवीधर उभा आहे, म्हणजे मी. म्हणून त्या नकाराबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो पुढचा. बलुते सुटले, त्याबरोबर सूरही सुटला. तो सुटायलाच हवा होता का?

युसेफ लतीफ ऐकताना हा प्रश्न मला छळू लागला. लतीफ यांचा जन्म १९२० साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे झाला. जन्मनाव विल्यम हडलस्टन. पुढे वडिलांनी आडनाव बदलून इव्हान्स केले. कुटुंब डेट्रॉइटला आले आणि मोटारींच्या त्या शहरात हा मुलगा सॅक्सोफोन शिकला. १९४९ साली तो डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात होता. त्याच सुमारास त्याने अहमदिया पंथाचा इस्लाम स्वीकारला आणि युसेफ लतीफ हे नाव घेतले. गुलामांच्या वंशजाला मिळालेले आडनाव बहुधा मालकाचे असते. ते टाकून स्वतः निवडलेले नाव लावणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नाव बदलून ते थांबले नाहीत. डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात त्यांनी बासरी आणि संगीतरचना यांचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे ओबो शिकले. १९६९ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची पदवी, मग पदव्युत्तर पदवी, आणि १९७५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट. नावाजलेला वादक पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसतो, यातली जिद्द पहिल्या पिढीच्या पदवीधराला लगेच कळते.

पण त्यांचा खरा झगडा शब्दाशी होता. आपल्या संगीताला ‘जॅझ’ म्हणलेले त्यांना मान्य नव्हते. तो शब्द दुसऱ्यांनी दिलेला, त्याला हिणकस अर्थ चिकटलेले. त्याऐवजी त्यांनी ‘ऑटोफिजिओसायकिक’ असा शब्द घडवला: वादकाच्या शरीरातून, मनातून आणि आत्म्यातून येणारे संगीत. दारू विकली जाते अशा क्लबांत वाजवणेही त्यांनी पुढे बंद केले. अपमानाची जागा सोडली, वाद्य सोडले नाही. माझ्या आजोबांना हा पर्याय कुणी दिला होता? सनई होती ती पाटलाच्या दारातच. तिला दुसरे दार नव्हते.

आता गुणदोष. १९६१ ची ‘ईस्टर्न साउंड्स’ ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रिका. तिच्यात पहिल्याच रचनेत ते शुन हे चिनी मातीचे वाद्य फुंकतात. त्यातून मोजकेच सूर निघतात, पण त्या मोजक्या सुरांवर ते संपूर्ण रचना तोलून धरतात. हे थोर काम आहे. मात्र त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘स्पार्टाकस’ आणि ‘द रोब’ या हॉलिवूडच्या चित्रपटांतील प्रेमधून आहेत. म्हणजे ‘पूर्व’ म्हणून जे सादर होते, त्यात चीनही आहे आणि हॉलिवूडही. सगळी पूर्व एकाच गाठोड्यात बांधणे ही प्रस्थापितांचीच सवय. आपल्यावरच्या शिक्क्याला विरोध करणारा कलावंतही इतरांवर शिक्का मारू शकतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

पण लतीफ तिथे थांबले नाहीत, म्हणून मी त्यांना मानतो. १९८० च्या दशकात ते नायजेरियात झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठात काही वर्षे राहिले आणि फुलानी लोकांच्या सारेवा या बासरीचा अभ्यास केला. दुरून घेतलेला सूर आणि तिथे राहून शिकलेला सूर यांत फरक असतो. १९९३ मध्ये त्यांनी ‘द आफ्रिकन अमेरिकन एपिक सूट’ ही वाद्यवृंदासाठीची रचना केली, तिचा विषय आपल्या लोकांची चारशे वर्षे. युरोपचा वाद्यवृंद वापरला, पण गोष्ट स्वतःची सांगितली.

शिक्का मात्र सुटला नाही. १९८७ च्या ‘लिटल सिंफनी’ला ग्रॅमी मिळाला तो ‘न्यू एज’ या विभागात. २०१० साली अमेरिकी शासनाच्या कलानिधीने त्यांचा गौरव केला तो ‘जॅझ मास्टर’ म्हणून. जो शब्द जन्मभर नाकारला, त्याच शब्दाची शाल खांद्यावर पडली. २०१३ मध्ये ते वारले.

माझा एक विद्यार्थी हलगी वाजवतो. एका युवक महोत्सवात तालवाद्याच्या स्पर्धेला त्याने नाव दिले, तर त्याला लोककलेच्या रांगेत जायला सांगितले. तबला शास्त्रीय, हलगी लोक. हे कुणी ठरवले? आपल्या आत्मकथनांना ‘जिवंत अनुभव’ म्हणून गौरवायचे आणि ‘कलाकृती’ म्हणून तपासायचे नाही, ही तीच रांग आहे.

लतीफ यांचे सारेच मला पटत नाही. आत्मा ही कल्पना मी मानत नाही. मला शरीर आणि मन पुरेसे आहे. त्यांचा तो लांबलचक शब्दही रुळला नाही. पण आपल्या कामाचे नाव आपण ठेवायचे, हा हक्क त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही.

आजोबा आता नाहीत. सनईही वाळवीने खाल्ली. मागच्या महिन्यात तो विद्यार्थी विचारत होता, “सर, हलगीबरोबर सनई कुठं शिकायला मिळंल?” आमच्या गावात शिकवणारा आता कुणी उरलेला नाही. त्याचे उत्तर आपल्या चळवळीने शोधायचे आहे.