लपवून लिहिलेले अक्षर : ‘जिणं आमुचं’चे पुनर्वाचन

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनाकडे बहुधा दुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. हे मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. ग्रंथात काय लिहिले आहे याइतकेच ते कसे लिहिले गेले, याचाही विचार व्हावयास हवा.

लेखिकेचा विवाह तेराव्या वर्षी झाला. पुढे फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात माल बांधण्यासाठी आलेली रद्दी त्या वाचीत आणि घरच्यांची नजर चुकवून लिहीत. ते लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. ज्या प्रौढ शिक्षणास ना शिक्षक, ना वर्ग, ना घरची संमती, त्यातून हा ग्रंथ निर्माण झाला.

या शिक्षणाचे फळ कोणते? लेखिका केवळ सवर्णांच्या अन्यायावर बोट ठेवून थांबत नाही; आपल्याच वस्तीतील सासुरवास, सुनांचा छळ, अंगात येणे यांचीही ती निर्भय चिकित्सा करते. येथे आम्हांस थेरीगाथेतील पुण्णिका आठवते. परंपरेनुसार ती अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत नदीस्नानाने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणास ती विचारते, पाण्यानेच शुद्धी होत असेल तर बेडूक-कासवांचे काय? प्रश्न विचारण्याचे हे सामर्थ्यच शिक्षणाची खरी कसोटी होय.

मात्र ग्रंथाची एक उणीव नोंदविली पाहिजे. बाबासाहेबांच्या जेजुरीच्या भाषणानंतर मुले शाळेत घालण्याचा जो निर्धार झाला, तो लेखिका उत्कटतेने सांगते; स्वतःच्या चोरट्या वाचन-लेखनाविषयी मात्र जवळजवळ मौन पाळते. ती हकीकत माया पंडित यांच्या २००८ सालच्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत येते. ‘आमुचं’ लिहिताना ‘माझं’ वगळले गेले, आणि त्याबरोबर आईच्या शिकण्याची गोष्टही मागे पडली. १९९१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या स्त्रियांतील साक्षरता २३.७६ टक्के होती, हे ध्यानी घेता या मौनाचे मोल कळते.

हा दोष केवळ ग्रंथाचा नाही. विहारातील महिलांच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे पालि वंदना पाठ करून घेतली. शुद्ध उच्चारास दाद दिली, अर्थ मात्र पुढच्या वेळेवर ढकलला. एकदा एका वृद्ध उपासिकेने विचारले, “गुरुजी, आम्ही म्हणतो त्यात आमच्यासाठी काय आहे?” त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. बुद्धवचन छंदात बसविण्याची सूचना तथागतांनी नाकारली आणि ते ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली, असे चुल्लवग्ग सांगतो. या शब्दांच्या अर्थाविषयी अट्ठकथेचे मत निराळे असले, तरी ‘आपापल्या भाषेत’ हाच अर्थ आम्हांस संयुक्तिक वाटतो. तो इतरांस शिकविणारे आम्हीच वर्गात विसरलो होतो.

म्हणून हा ग्रंथ अभ्यासक्रमापुरता न ठेवता प्रत्येक विहारातील महिला वर्गात मोठ्याने वाचला जावा, आणि वाचनानंतर पहिला प्रश्न शिक्षकाने नव्हे, उपासिकेने विचारावा.