‘घेऊ नका’ म्हणण्याची किंमत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी मराठीत एक ब्लॉग चालवायचो. त्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट होती ‘घरासाठी सर्वोत्तम १० घरघंट्या’. त्या दहांपैकी एकही घरघंटी मी चालू करून पाहिली नव्हती. विक्रीच्या पानांवरची माहिती घेतली, ग्राहकांचे अभिप्राय चाळले, मोटर किती हॉर्सपॉवरची आणि तासाला किती किलो दळते याचा तक्ता केला, प्रत्येकीखाली ‘इथे खरेदी करा’ असं बटण लावलं. एका रात्रीचं काम.

काही महिन्यांनी शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. “अरे, तू लिहिलंस ना, त्यातलीच पहिल्या नंबरची घेतली बघ.” कमिशनच्या रिपोर्टमध्ये खरेदी करणाऱ्याचं नाव नसतं, पण वस्तू आणि तारीख दिसते. त्या तारखेला साडेचारशे रुपये जमा झाले होते.

काकू आणि काका, घरात दोनच माणसं. महिन्याला पाच-सहा किलो पीठ लागणार. इमारतीच्या खालीच गिरणी. चाळीसेक किलोचं ते धूड तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन माणसं लागली. सुरू केलं की शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही, दर वेळी जाळी काढून झटकायची, पीठ घरभर उडतं. म्हणजे काकूंसाठी योग्य उत्तर माझ्या यादीत नव्हतंच. ते अकरावं होतं: घेऊ नका, खालच्या गिरणीत जा. पण गिरणीची लिंक लावता येत नाही.

या अकराव्या उत्तरावरून मला अ‍ॅफिलिएट ब्लॉगिंग या लेखनप्रकाराबद्दल बोलायचं आहे. हो, मी त्याला लेखनप्रकार म्हणतोय. आपण त्याकडे फक्त धंदा म्हणून पाहतो. ‘घरबसल्या कमवा’वाले शिकवतात तेही धंदा म्हणूनच आणि साहित्यातली माणसं नाक मुरडतात तीही धंदा म्हणूनच. पण मोबाइलवर रोज वाचला जाणारा मजकूर पाहिला, तर कथा-कवितेपेक्षा कितीतरी अधिक वाक्यं या प्रकारातली असतात. मग त्याची समीक्षा कोणीतरी करायला हवी.

आधी यंत्रणा. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ ही योजना सुरू केली. तुमच्या पानावर त्यांच्या वस्तूची लिंक द्यायची, लिंकमध्ये तुमची खूण असते, वाचक तिच्यावरून गेला आणि त्याने खरेदी केली की तुम्हाला टक्केवारी. ही खूण साधारण २४ तास टिकते आणि त्या वेळात वाचकाने दुसरंच काही घेतलं तरी बहुतेकदा तुमच्या खात्यात भर पडते. वाचकाच्या खिशातून वेगळं काही जात नाही, पैसे विकणारा देतो.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, अडत. बाजार समितीतली अडत वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. कारण पैसे कोण देतो यावर मधला माणूस कोणाचा हे ठरतं. तरी अडत्याच्या गाळ्यावर एक गोष्ट असते: माल सगळ्यांसमोर ओतलेला असतो. माझ्या घरघंट्यांच्या यादीत पोतं कोणी उघडलंच नव्हतं.

म्हणजे कमिशन घेतलं की लेखन बाटतं का? मला तसं वाटत नाही. दोन उदाहरणं पाहू.

पहिलं मारिया पोपोवाचं. २००६ मध्ये सात सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलपासून तिचं ‘ब्रेन पिकिंग्ज’ सुरू झालं. आज ते ‘द मार्जिनॅलियन’ या नावाने चालतं. जुन्या डायऱ्या, पत्रव्यवहार, विस्मरणात गेलेली पुस्तकं यांवर ती लांबलचक, प्रेमाने लिहिते. साइट जाहिरातमुक्त आहे, म्हणून देणगी द्या, असं आवाहन ती करायची. २०१३ मध्ये यावरून वाद झाला. पुस्तकांच्या नावांवरच्या लिंका अ‍ॅफिलिएट होत्या, म्हणजे विक्रीमागे तिला टक्केवारी मिळत होती. मग ‘जाहिरातमुक्त’ कसं?

त्या वादात बरीच चर्चा ती किती कमावते यावर झाली. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. रात्र-रात्र वाचून लिहिणाऱ्या माणसाला पुस्तकाच्या किमतीतले काही टक्के मिळाले, तर कोणाचं काय बिघडलं? बिघडलं ते एका शब्दाने. ज्या लेखिकेचं सगळं भांडवल शब्दांचा नेमकेपणा हेच आहे, तिने ‘जाहिरातमुक्त’ हा शब्द ढिलाईने वापरला. आता तिच्या पानाच्या तळाशी हे कमिशन सरळ सांगितलेलं असतं, आणि त्यामुळे लेख कमी चांगले वाटत नाहीत.

दुसरी एक गोष्ट मात्र खटकते. नावडलेल्या पुस्तकावरचा लेख तिच्याकडे शोधून सापडणं कठीण. याचं कारण कमिशन आहे असं मी म्हणणार नाही. तो तिचा स्वभाव असेल. पण तिचा स्वभाव आणि लिंकेचा स्वभाव जुळतात खरे. दोघांनाही फक्त ‘हे घ्या’ म्हणायला आवडतं. सतत कौतुकच वाचत राहिलं की काही दिवसांनी आवड-निवड यातली निवड गळून पडते. सगळीच पुस्तकं थोर असतील, तर वाचकाने आज रात्री कोणतं उघडायचं?

दुसरं उदाहरण ‘वायरकटर’. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या ब्रायन लॅमने २०११ मध्ये ते सुरू केलं आणि २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते सुमारे ३ कोटी डॉलरला विकत घेतलं. अ‍ॅफिलिएट लिंकांवर उभं राहिलेलं लेखन किती फायदेशीर होऊ शकतं, याचा दाखला म्हणून क्लासवाले हा आकडा फेकतात. तो फेकताना मजकूर कसा होता हे मात्र सांगत नाहीत.

वायरकटरचा एखादा जुना, नमुनेदार लेख घ्या. त्याचा साचा ठरलेला. आधी निवड सांगून टाकायची. मग ‘आमच्यावर विश्वास का ठेवावा’. मग हे कोणासाठी आहे, आम्ही कसं निवडलं, कसं तपासलं. मग निवडलेल्या वस्तूच्या उणिवा, ज्या आहेत, पण ज्यांच्यासाठी अडून बसू नये. आणि शेवटी ‘स्पर्धा’ नावाचा भाग, ज्यात बाद केलेल्या वस्तू एकेक ओळीत, कारणासह.

मला हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. तो फार कोणी वाचत नसेल. त्यातून फारसं कमिशनही मिळायचं नाही, कारण तिथे वाचकाला त्या वस्तूपासून परतच फिरवायचं असतं. पण लेखाचं वजन तिथे आहे. वीस वस्तूंना ‘नको’ म्हटल्यामुळे एका वस्तूच्या ‘हो’ला अर्थ येतो. वर्गात सगळ्यांनाच पहिला नंबर देणाऱ्या मास्तरांचं प्रगतिपुस्तक कोण गंभीरपणे घेईल?

याउलट माझ्यासारख्यांच्या याद्यांची भाषा पाहा. ‘ही एक उत्तम निवड ठरू शकते.’ ‘तुमच्या बजेटमध्ये बसणारा दमदार पर्याय.’ ‘किंमत पाहता वाजवी.’ दहाही वस्तूंबद्दल हीच वाक्यं आलटून पालटून. ‘तोटे’ म्हणून एक ओळ असते, ‘रंगांचे पर्याय कमी’. कर्ता नसलेली, अंग नसलेली ही भाषा. कोणी दळलं, काय दळलं, पीठ कसं पडलं, काहीच नाही. ही भाषा वाईट आहे कारण लिहिणाऱ्याला काही माहीत नाही, आणि माहीत नाही हे लपवायचं आहे. शैलीचा दोष इथे ज्ञानाचा दोष आहे. आता असा मजकूर मशीन काही सेकंदांत लिहून देतं, यात नवल नाही. आम्ही आधीपासून मशीनसारखंच लिहीत होतो.

वायरकटरच्या साच्यालाही मर्यादा आहेच. वस्तू घ्यायची हे ठरलेल्या वाचकासाठी तो आहे. ‘हे कोणासाठी आहे’ या परिच्छेदात अकरावं उत्तर डोकावतं, पण लेखाचा विषय ते सहसा होत नाही. शिवाय खरीखुरी चाचणी महाग असते. २०२१ मध्ये वायरकटर वाचायलाही वर्गणी लागू झाली.

नुसत्या लिंकांवर भरवसा ठेवणं किती धोक्याचं, हे २०२० च्या एप्रिलमध्ये दिसलं. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतले कमिशनचे दर कापले: फर्निचर आणि गृहोपयोगी वस्तूंचे ८ टक्क्यांवरून ३, किराण्याचे ५ वरून १. लिहिणाऱ्याने काही चूक केली नव्हती.

दुसरा मालक म्हणजे गुगल. लायप्झिग, वायमार इथल्या संशोधकांनी वर्षभर ७,३९२ उत्पादन-शोधांचे निकाल तपासले आणि २०२४ च्या सुरुवातीला निष्कर्ष मांडला. वेबवरच्या एकूण परीक्षणांपैकी थोडीच अ‍ॅफिलिएट असतात, पण शोधात वर येणाऱ्यांत त्यांचाच भरणा असतो, आणि वर येणारी पानं सरासरीने मजकुराच्या दर्जात उणी असतात. गुगलने २०२१ पासून परीक्षणांसाठी प्रत्यक्ष वापराचे पुरावे मागायला सुरुवात केली, २०२२ च्या शेवटी आपल्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द घातला. मग काय झालं? ‘आमच्या टीमने कसून चाचणी केली’ हे वाक्य सगळीकडे उगवलं. अनुभव घेण्यापेक्षा अनुभवाचं वाक्य स्वस्त पडतं. आणि खरोखर चाचण्या करणारे मागे पडले. हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः तपासणाऱ्या ‘हाउसफ्रेश’ या छोट्या साइटने २०२४ च्या फेब्रुवारीत सविस्तर लिहून दाखवलं की, मोठी माध्यमं न तपासता याद्या छापतात आणि त्याच वर दिसतात.

इथे एखादा म्हणेल, मग प्रामाणिकपणा परवडतच नाही. अर्धं खरं आहे. पण अप्रामाणिकपणा तरी कुठे परवडला? माझ्या ब्लॉगची वाचकसंख्या एका अपडेटमध्ये जवळजवळ शून्यावर आली. ती पुन्हा शोधत कोणी आलं नाही, कारण आठवण ठेवावं असं तिथे काही नव्हतंच.

मराठीत हे आणखी वेगळं होतं. इंग्रजीत शंभर वाईट पानांमागे एखादं हाउसफ्रेश तरी असतं. मराठीत ‘पुरणाला कोणता मिक्सर टिकतो’ असं शोधलं की बहुतेकदा इंग्रजी याद्यांची ओढूनताणून केलेली भाषांतरं मिळतात. त्यांत स्मूदी असते, पुरण नसतं. आणखी एक ठळक लक्षण: डिस्क्लेमर इंग्रजीत, स्तुती मराठीत. जाहिरात क्षेत्राच्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये सांगितलं की, पैशाचा संबंध असेल तर तो स्पष्ट दिसेल असा सांगा. आपण तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, जी भाषा आपला वाचक टाळून आपल्याकडे आला त्याच भाषेत सांगतो. ‘तुम्ही इथून घेतलंत तर मला थोडे पैसे मिळतात’ हे मराठीत लिहायला कितीसे कष्ट पडतात? पण लाज मराठीत जास्त वाटते.

म्हणून अ‍ॅफिलिएट ब्लॉगिंग सार्थ आणि फायद्याचं कसं करावं, या प्रश्नाला माझं उत्तर कीवर्डपासून सुरू होत नाही. आपल्या पानावर ‘घेऊ नका’ हे वाक्य येऊ शकतं का, इथून सुरू होतं. येऊ शकत असेल तर लिंक खुशाल लावा, मराठीत सांगून लावा. मग एका विषयात खोल जा, ज्याची वस्तू तुमच्या हाताखालून जाते. शिलाई मशीन, फवारणीचा पंप, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. जी जाहिरात संस्थेला माहीत नसतात अशी वाक्यं तुमच्याकडे असतील: कमी व्होल्टेजला मोटर नुसती गुणगुणते, नाचणी दळताना कोणती जाळी लावायची, सुटा भाग तालुक्याला मिळतो की कुरियरने मागवावा लागतो. अशा वाक्यांनी महिन्याला लाख मिळतील असं मी सांगणार नाही. ते सांगणाऱ्यांचा धंदा वेगळा आहे. पण वाचक दुसऱ्यांदा येतो. तेवढं एकच भांडवल गुगलच्या अपडेटने हलत नाही.

ती घरघंटीची पोस्ट मी पुढे नव्याने लिहिली. काकूंच्या घरी बसून गहू, ज्वारी, भाजणी दळून पाहिली, फोटो काढले. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, घरात दोन-तीन माणसं असतील आणि जवळ गिरणी असेल, तर इथेच थांबा. दहाऐवजी दोनच घरघंट्या ठेवल्या. तिचं कमिशन आधीपेक्षा कमीच येतं. पण मोठ्या कुटुंबातली, गिरणीपासून लांब राहणारी माणसं अधूनमधून प्रश्न विचारतात, आणि मला उत्तरं माहीत असतात.

काकूंना ती पोस्ट वाचायला दिली. त्यांनी मोबाइल लांब धरून पहिला परिच्छेद वाचला, कापड घालून झाकलेल्या घरघंटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आधी लिहायला काय झालं होतं रे तुला?”