आंतरसांस्कृतिक संप्रेषण आणि संगणकीय खेळ : दोन खेळांची चिकित्सा

आंतरसांस्कृतिक संप्रेषणाचे कौशल्य केवळ व्याख्यानातून आत्मसात होत नाही. त्याला प्रत्यक्ष सरावाची जोड लागते. ही जोड संगणकीय खेळ कितपत देऊ शकतात, हे ‘टॅक्टिकल इराकी’ व ‘नेव्हर अलोन’ या दोन खेळांच्या आधारे तपासता येते.

‘टॅक्टिकल इराकी’ हा खेळ २००० नंतरच्या दशकात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकन सैनिकांसाठी विकसित झाला. खेळाडू ध्वनिग्राहकावर इराकी अरबी बोलतो, हावभाव निवडतो. त्यानुसार समोरच्या पात्राचा विश्वास वाढतो वा घटतो. उच्चार व शिष्टाचार यांचा सराव येथे चांगला होतो. तथापि परक्याचा विश्वास हे मोहीम फत्ते करण्याचे साधन ठरते. त्याला समजून घेणे हे साध्य राहत नाही.

२०१४ मधील ‘नेव्हर अलोन’ हा खेळ अलास्कातील इन्युपियाक समाजाच्या सहभागातून घडला. निवेदन त्यांच्याच भाषेत आहे. लघुचित्रफितींतून समाजातील व्यक्ती आपल्या जीवनरीतीविषयी बोलतात. येथे समाज स्वतःची ओळख स्वतः करून देतो. मात्र खेळाडू श्रोताच राहतो. त्याला प्रत्युत्तर द्यावे लागत नाही.

सारांश, पहिल्या खेळात संभाषण आहे, पण परस्परता नाही. दुसऱ्यात आत्मकथन आहे, पण संवाद नाही. ही उणीव खेळानंतरच्या वर्गचर्चेतच भरून निघू शकते. म्हणून खेळातील गुणांना कौशल्याचा पुरावा मानणे अध्यापकाने टाळावे. विद्यार्थ्याचे खरे मूल्यमापन त्या चर्चेतच व्हावे.